भिंतीवरचं नाव

(इंदोरा, नागपूर इथं झालेल्या युवक मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. मधे लाइट गेली तेवढा वेळ गाळला आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय. 'गोदी कामगार' छापायचं राहिलं, ते मीच सांगतो. मी याच वस्तीतला. मॅट्रिक झालो आणि मुंबईला गेलो. तिथं जहाजावर कंटेनर बांधायचं काम करतो. लोखंडी रॉड लावायचे, आवळायचे. जहाज हललं तरी डबा हलता कामा नये. काम कंत्राटी. आज आहे, उद्या नाही. मला विषय दिलाय 'आंबेडकरी तरुण आणि कला'. कलेवर बोलायला विद्यापीठातले सर लोक बसलेत. मी भिंतीवर बोलतो. आपल्या वस्तीच्या भिंतीवर जे लिहिलेलं असतं ते आपण रोज पाहतो आणि वाचत कुणीच नाही.

झालं असं. मागल्या थंडीत रात्रपाळीला एका डब्याच्या दाराशी रॉड लावत होतो. डब्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असतात, तेवढीच त्याची ओळख. कुठून आला, आत काय आहे, हे आम्हाला कुणी सांगत नाही. बॅटरीच्या उजेडात दाराच्या खालच्या अंगाला खडूनं लिहिलेलं दिसलं, 'जय भिम इंदोरा'. भि ऱ्हस्व. माझा हात तिथंच थांबला. कोण्या हमालानं डबा भरताना नाहीतर रेल्वेवर चढवताना लिहिलं असेल. आठशेवर किलोमीटर ते दोन शब्द खडूवर तगून आले होते. मुकादम ओरडला, मी रॉड आवळला. सकाळी जहाज सुटलं. कोणत्या देशाच्या गोदीत ते उतरलं, तिथल्या कोण्या मजुरानं त्यावर बोट फिरवून पाहिलं की पावसानंच धुतलं, मला ठाऊक नाही.

मग लाज वाटली. वीस वर्षं या वस्तीत काढली, भिंती कधी पाहिल्या नाहीत. मुंबईत मात्र पाहायला गेलो होतो. २०१७ साली ससून डॉकवर चित्रांचा मोठा उत्सव झाला होता, देशोदेशीचे कलाकार आले होते, त्याच्या गोष्टी मित्र अजून सांगतात. बांद्र्याच्या गल्ल्यांत लोक भिंतीपुढं उभं राहून फोटो काढतात, मीही काढला. आणि इथं माझ्या माणसांनी लिहिलेली भिंत मी मुतायच्या आडोशाची भिंत म्हणून ओळखत होतो.

जयंतीला आलो आणि आठ दिवस नुसता भिंती बघत हिंडलो. इंदोरा, बेझनबाग, पाचपावली, तिकडं इमामवाडा, रामबाग, तकिया. मोठे बाबा म्हणाले, "काहून बे, घर घ्याचं हाय का तुले?"

काय दिसलं ते सांगतो. सगळ्यात जास्त दोनच शब्द, 'जय भीम'. निळ्यात, काळ्यात, कोळशानं, विटेच्या तुकड्यानं, लहान पोरानं खिळ्यानं कोरलेले. हे दोन शब्द आपल्याच मातीतले आहेत, हे किती पोट्ट्यांना माहीत आहे? कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी हे अभिवादन रूढ केलं. विडी कामगारांची संघटना बांधणारा माणूस. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आला आणि १९३९ साली पस्तिशीत गेला. त्याचे दोन शब्द आज जगभर आहेत. कामठी रोडच्या भिंतीवर तर ते मैलाच्या दगडासारखे येत राहतात.

आणि ऱ्हस्व-दीर्घावर हसू नका. 'भिम' लिहिणारा हात बहुतेक घरातला पहिला लिहिता हात असतो. पुण्याचं शुद्धलेखन त्याच्या दारापर्यंत पोचलं नव्हतं, बाबासाहेब पोचले होते.

मग छापे दिसले. एक्स-रेची जुनी फिल्म ब्लेडनं कापतात, भिंतीला लावतात, वरून निळा रंग मारतात. चेहरा पूर्ण काढावाच लागत नाही. चष्म्याची चौकट, कपाळावरून मागं गेलेले केस, टायची गाठ. तीन खुणा, आणि चार वर्षांचं लेकरू म्हणतं, बाबासाहेब. इतक्या कमी रेषांत ओळखू येणारा दुसरा माणूस या देशात फार तर एक असेल, आणि त्यालाही चष्माच आहे.

जुन्या पेंटरांचं काम आता थोडं उरलंय. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. पाचपावलीत एका म्हाताऱ्या पेंटरपाशी दुपारभर बसलो. त्यानं दाखवलं. सुतळी निळीत बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत ओढून सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेघ. मग अक्षरं तिला टांगायची. तो म्हणाला, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहते, आपलं अक्षर वरून लटकते, म्हणून वरची रेघ चुकली की सगळं चुकलं. चुन्यात थोडा सरस घालायचा, नाहीतर हात लावला की रंग हाताला येतो. गेरू स्वस्त, पण पहिल्या पावसात जातो. टिकायचं असेल तर डांबर. हे कोणत्या आर्ट कॉलेजात शिकवतात? शरणकुमार लिंबाळेंचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आलं. सुतळीचं सौंदर्यशास्त्र लिहायचं अजून बाकी आहे. तो पेंटर जाण्याआधी कुणी लिहून घेतलं तर बरं.

डांबराचं नाव निघालं म्हणून मोठ्या बाबांचं सांगतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ऑगस्टमध्ये इथं इंदोऱ्यात गोळ्या चालल्या, आपली माणसं पडली. स्मारक इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेव्हा मोठे बाबा एकोणीस वर्षांचे. रस्त्याचं काम चाललं होतं तिथून डबाभर डांबर उचललं, बांबूला चिंध्या बांधल्या, आणि रात्रीतून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लांब भिंतीवर लिहिलं, 'नामांतर झालेच पाहिजे'. एक जण लिहायचा, दोघं पाळत ठेवायचे. "हात भाजले होते रे," म्हणाले, "गरमच होतं ते. पण थंड झालं की लिवता येत नाही ना." पुढल्या वर्षी दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वात लाँग मार्च निघाला, त्यातही ते काही मजल चालले. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर नाही, नामविस्तार. सोळा वर्षं ती भिंत 'झालेच पाहिजे' म्हणत उभी होती.

त्या भिंतीवर मग किती चुने बसले. पण डांबर चुन्याला दाद देत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की ते पिवळट डाग होऊन वर येतं.

मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्तानं सी-२० ची बैठक नागपुरात झाली. पाहुणे येणार म्हणून शहरभर भिंती रंगल्या. त्या हंगामात एका कार्यालयाची माणसं आमच्या गल्लीशीही आली. भिंत घासली, ऑइलचा हात मारला आणि तिच्यावर वाघ काढला. जंगल, पाणवठा, वाघ. चित्र काढणारा पोट्टाही आपलाच, चौरस फुटाच्या भावानं मजुरी करणारा. चित्र वाईट नव्हतं, मी खोटं बोलणार नाही, वाघाचे डोळे झकास होते. माझा राग त्याच्यावर नाही. पुसण्याआधी भिंतीवर काय आहे हे कुणी वस्तीला विचारलं नाही, याचा राग आहे.

पण ऑइलपेंटात टर्पेंटाइन असतं आणि टर्पेंटाइननं डांबर सुटतं. पेंटरला विचारा. मे महिना आला आणि वाघाच्या पोटावर नवे पट्टे दिसायला लागले. लोकांना वाटलं चित्रातलेच आहेत. मोठे बाबा सकाळी दूध आणायला गेले, उभे राहिले, आणि 'नामां' वाचलं. पाच पावलं मागं येऊन म्हातारा रस्त्यात हसत बसला.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभा राहिलो, ती. तुमच्यातल्या काहींना ती आवडणार नाही.

आपल्या विहाराच्या मागच्या भिंतीवर 'जय भीम' लिहिलेलं आहे. त्याच्या बाजूला, वरती नव्हे, बाजूला, एका सोळा-सतरा वर्षांच्या पोट्ट्यानं स्प्रेच्या डब्यानं आपलं नाव लिहिलं. इंग्रजीत, फुगीर अक्षरांत, एकात एक गुंतलेलं, 'एस के १७'. सतरा म्हणजे पिनकोडचा शेवट. वस्तीतल्या मोठ्यांनी त्याला बोलावलं. बाबासाहेबांच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहितो? थिनर देऊन त्याच्याकडून पुसून घेतलं, डबे काढून घेतले, आणि १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा वाचून दाखवला. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड. तोच कायदा आपल्या 'जय भीम'लाही लागतो हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

मोठ्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी म्हणत नाही. आपल्या भिंतीची मोठी गोष्ट हीच आहे की हजारो हातांनी लिहिलं आणि खाली कुणी सही केली नाही. मोठ्या बाबांनी 'नामांतर'खाली आपलं नाव टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी उचलले गेले असते, हेही आहे.

पण नाव लिहिणं म्हणजे काय ते बघा. अमेरिकेत रेल्वेचे कामगार आणि मालगाडीतून चोरून फिरणारे मजूर डब्यांवर खडूनं आपली खूण काढायचे, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या खुणा देशभर हिंडायच्या. माझ्या कंटेनरचीच भावकी. पुढं १९६७ च्या सुमारास फिलाडेल्फियात काळ्या पोरांनी भिंतीवर आपली टोपणनावं लिहिली. न्यूयॉर्कात १८३ व्या रस्त्यावरचा एक ग्रीक घरातला पोट्टा घरोघर पाकिटं पोचवायचा, जाईल तिथं 'टाकी १८३' लिहायचा. १९७१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर पोरांनी मार्कर उचलले. सरकार म्हणालं घाण. ब्रॉन्क्सच्या काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांना कोणतं वर्तमानपत्र नावानं छापणार होतं? चोरीत पकडलं तरच. त्यांनी रेल्वेचा डबाच वर्तमानपत्र केला. १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून आपल्याकडं १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, हे आपण छातीठोकपणे सांगतो. त्याच ब्लॅक पँथरचा एमरी डग्लस चित्रं काढायचा आणि ती वस्तीच्या भिंतींवर चिकटवली जायची, हे का विसरतो?

परक्यांचं नको म्हणता? मग आपलं बघा. आपल्याकडं टाकी म्हणजे दगड कोरायचं हत्यार. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचं नाव कोरलेलं आहे. भंडाऱ्याकडच्या पवनीला स्तूप निघाला, १९६९-७० मध्ये खोदला, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं ब्राह्मीत आहेत. बुद्धाच्या भिंतीवर आपलं नाव! दोन हजार वर्षांपूर्वी कोण्या भिक्खूनं त्यांना थिनर आणून दिलं नाही.

मधल्या काळात काय झालं? भिंत आपल्या वाट्याला अंगावर कोसळायला आली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून चोखोबा मेले, १३३८ साली, असं परंपरा सांगते. गावकूस बांधायचं आपण आणि राहायचं त्याच्या बाहेर. आणि नावं काय होती आपली? माझ्या पणज्याचं नाव कचरू. गिरणीच्या मस्टरवर 'कचऱ्या' लिहिलेलं. उकिरड्या, धोंड्या, दगड्या. हाक मारली तरी शिवी वाटावी अशी. त्या कचऱ्याच्या पोराचा नातू आपलं नाव फुगवून, रंगवून, माणसाच्या उंचीचं करून भिंतीवर लिहितो, तर त्याला आपण थिनर देतो? बाबासाहेबांनी आपल्याला त्यांचं एकट्याचं नाव लिहायला शिकवलं नाही.

एक गोष्ट मलाही खटकली, ती बोलून टाकतो. आठ दिवसांत बाईनं लिहिलेली एकही भिंत कुणी मला दाखवू शकलं नाही. १९४२ च्या जुलैत याच नागपुरात आपल्या बायकांची परिषद भरली होती, हजारोंनी आल्या होत्या. आज रात्री ब्रश घेऊन पोरीला घराबाहेर कोण पडू देईल? यावर भाषण मी करायचं नाही. समोर बसलेल्यांनी करावं, मी ऐकायला येईन, सुट्टी मिळाली तर.

माझी परवा रात्रीची गाडी आहे. उद्या सकाळी सहाला विहारापाशी जमा, ऊन चढायच्या आत पाचपावलीपर्यंत चालू. वही आणा. आधी डोळ्यांनी बघा, मोबाईल नंतर काढा. कोणती भिंत, काय लिहिलंय, कशानं लिहिलंय, कुणी लिहिलं हे म्हाताऱ्यांना विचारून घ्या. पेंटरबाबा येतो म्हणालाय, सुतळी घेऊन.

आणि वस्तीतली मोठी माणसं इथं बसलीत, त्यांना हात जोडून सांगतो. पोट्ट्याचे डबे परत करा. चार डबे आहेत, दोन निळे आहेत. तो मागं दाराशी उभा आहे, आत यायला लाजतो. त्याचं नाव पूर्ण पुसलं गेलेलं नाही, मी सकाळी पाहून आलो, 'एस' अजून वाचता येतो.

जय भीम.