पैरा फेडता न येणाऱ्याचे काय?
(पंचगंगाकाठच्या एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत झालेले भाषण)



आपण दिवसभर राबून येथे जमला आहात, तेव्हा पाल्हाळ लावणे बरे नव्हे. शेजाऱ्याच्या अडल्या कामाला हात कसा लावावा, एवढेच आज बोलावयाचे आहे.

आपण म्हणाल, यात नवे ते काय? रोपलावणीचा पैरा आज्यापणज्यापासून चालत आला आहे. आज तुम्ही आमच्या वावरात, उद्या आम्ही तुमच्या. ज्याची नांगरट मागे पडली त्याने इर्जिक घालावी, शेजाऱ्यांनी आपापली औते घेऊन यावे, दिवस मावळण्यापूर्वी रान उलथून टाकावे आणि रात्री त्याच्या घरी पोटभर जेवावे, ही आपली रीत. ती कोणा पंडिताने शिकविली नाही. कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांकरिता ती काढली.

परंतु या रीतीत एक उणेही आहे. पैरा फेडावा लागतो. ज्याच्या गोठ्यात बैल आणि घरात धडधाकट माणसे, त्याला दहा जण मिळतात. जिचा नवरा गेला, पोरे पोटासाठी इचलकरंजीला किंवा पुण्याला गेली, तिने काय फेडावे?

आमचीच चूक सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांची. पाणी असेतो मदतीला तोटा नव्हता. परजिल्ह्यांतून भाकरी आल्या, कपडे आले, होड्या आल्या. पाणी ओसरले तशी गर्दीही ओसरली, आणि घराघरांत गुडघाभर चिखल राहिला. २०२१ साली आम्ही तालमीतील पोरे घेऊन फावडी-घमेली उचलली. पण गेलो कोठे? रस्त्याकडेच्या, ओळखीच्या घरी आधी. शेवटच्या बोळात एक म्हातारी एकटीच तांब्याने चिखल उपसत होती. तिच्या दारी आम्ही चौथ्या दिवशी पोहोचलो. “आजी, हाक का मारली नाही?” असे विचारले, तर ती म्हणाली, “बाबांनो, मला कुठं तुमचा पैरा फेडता येतोय?” आम्ही माना खाली घातल्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, ज्याला फेडता येत नाही त्याच्या दारी आधी जावे, आणि हाकेची वाट पाहू नये. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य गणलेल्या वस्तीतील आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या यशवंताच्या दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. त्या पोराची जात त्यांनी पाहिली नाही, आणि तो काय फेडणार हेही नाही. आपल्याला एवढे मोठे मोल द्यावयाचे नाही. मग निदान गल्ली आणि भावकी ओलांडून जाण्यास काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट. मदत द्यावयाची असते, मागून उकळावयाची नसते. “सुतारदादा, एवढी चौकट बसवून दे की,” “शिंपीमामा, एवढे उसवलेले शिवून टाका,” असे म्हणून पैशाच्या वेळी हसत निघून जाणारे आपल्यात थोडे नाहीत. शेजारधर्माचे नाव घेऊन केलेली ही वेठच नव्हे काय? कारागिराचे हात हीच त्याची शेती. ज्या कामावर त्याची चूल पेटते त्या कामाचा दाम रोख द्यावा. त्याने आपणहून दिले तर ते दान, आपण भिडेत घालून घेतले तर ती लूट.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. पूर्वी लेखणी कुळकर्ण्याच्या हाती होती आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त अंगठा. त्या लेखणीने किती जमिनी खाल्ल्या ते आपल्या वाडवडिलांनी भोगले. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१८ साली कुळकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, ते उगाच नव्हे. आज लेखणीच्या जागी मोबाईल आला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी निघाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढावा आणि सातबाऱ्यावर नोंद करावी, असा तिचा मूळ हेतू. पण ज्याला अक्षर लागत नाही त्याने काय करावे? येथे शिकलेल्या पोरांची खरी गरज आहे. मात्र पोरांनो, दुसऱ्याचा ओटीपी, पासबुक, आधार आपल्या खिशात ठेवू नका. नोंद करताना ती मोठ्याने वाचून दाखवा, पुढच्या खेपेस त्याच्याच बोटाने करवून घ्या. नाही तर तुम्ही आपल्याच जातभाईंचे नवे कुळकर्णी व्हाल.

आता करावयाचे काय? बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दोघा शिकलेल्यांनी तालमीत बसावे. पीक पाहणी, रेशनचे कागद, निराधारांच्या पगाराचा अर्ज, हयातीचा दाखला, जे अडले असेल ते पाहावे. एकट्या माणसाला थोरल्या दवाखान्यात जावयाचे असेल, तर केसपेपरच्या रांगेत उभे राहण्यास एकाने सोबत जावे. मृगाआधी म्हाताऱ्यांच्या घरची कौले परतून द्यावी. यांतली किती तरी कामे आपल्या बायका गाजावाजा न करता रोजच करीत आल्या आहेत. कोणाचे पोर सांभाळतात, बाळंतिणीला भाकरी पोचवितात. त्यांस कोणी स्वयंसेवक म्हणत नाही. पुरुषांनी त्यांच्यापासून शिकावे, यात कमीपणा नाही.

यासाठी वर्गणी नको, अध्यक्ष नको, फलक तर मुळीच नको. आज घरी जाताना प्रत्येकाने आपल्या बोळातील शेवटचे दार आठवावे, आणि उद्या सकाळी तेथे जाऊन एवढेच विचारावे : “काय अडलंय?”