परतीची रसद



परत आलेल्या मालाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसांनी एकत्र जमावे, आपल्या कामाचा साधकबाधक विचार करावा आणि त्या सभेचे अध्यक्षपद, ज्याची बहुतेक हयात वखारीच्या मागच्या दाराशी गेली अशा माणसाकडे यावे, याचे मला मनापासून समाधान वाटते. पुढच्या दाराने नवा माल रवाना होतो आणि त्याचा गाजावाजा सर्वत्र होतो. मागच्या दाराने जे येते त्याची नोंद घेणारे आपण मोजकेच लोक आहोत, आणि म्हणून आपण काय नोंदतो व काय गाळतो याला फार मोठे महत्त्व आहे.

आपल्या व्यवसायाला इंग्रजीत ‘रिव्हर्स लॉजिस्टिक्स’ म्हणतात. मी त्याला परतीची रसद म्हणतो. कारण रसद हा शब्द आपल्या दप्तरांत जुना आहे आणि वाहतुकीबरोबरच तजवीज, मोजदाद व जबाबदारी यांचाही अर्थ त्यात सामावलेला आहे. पुढे जाणारा माल एका कारखान्यातून, एकाच मापाच्या खोक्यांतून, ठरल्या दिवशी आणि हजारांच्या संख्येने निघतो. परत येणारा नग मात्र कोणत्या गावाहून, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या तक्रारीसह येईल हे तो येईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी लागते: फोन असेल तर त्याचा आयएमईआय हा ओळख-क्रमांक विक्रीच्या नोंदीशी जुळतो की नाही, बॅटरी फुगली आहे काय, ग्राहकाची छायाचित्रे व पत्रव्यवहार समूळ पुसला गेला आहे काय, आणि एवढे झाल्यावर तो नग पुन्हा विक्रीला, दुरुस्तीला, सुट्या भागांसाठी की धातू गाळण्यासाठी धाडायचा. हा निवाडा काही मिनिटांत व्हावा असा तगादा असतो, आणि त्या घाईत सर्वांत आधी हरवते ते वस्तू परत का आली याचे खरे कारण. कारण हरवले की माल हाती येऊनही परतीचे काम निष्फळ होते, हे माझे आजचे मुख्य प्रतिपादन आहे.

याचे एक ठळक उदाहरण पाहू. १९ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीने गॅलक्सी नोट ७ हा फोन विक्रीस आणला. फोन पेटल्याच्या तक्रारी लवकरच येऊ लागल्या आणि जगभरातून कळलेल्या ३५ घटनांची दखल घेऊन कंपनीने अवघ्या दोन आठवड्यांत, २ सप्टेंबर रोजी, विक्री थांबवली व सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. एवढी त्वरा दाखवणे सोपे नसते, आणि तिचे श्रेय त्या कंपनीला दिलेच पाहिजे. परंतु या फोनच्या बॅटऱ्या दोन पुरवठादारांकडून येत होत्या. त्यांपैकी एकाच्या बॅटरीत दोष आहे, एवढे निदान पुरेसे मानून दुसऱ्याच्या बॅटरीचे फोन बदली म्हणून ग्राहकांच्या हाती देण्यात आले. ५ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील लुइव्हिल विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात असा बदलून मिळालेलाच एक फोन धुमसू लागला आणि सर्व प्रवाशांना खाली उतरवावे लागले. त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, कंपनीने त्या फोनचे उत्पादन कायमचे बंद केले.

आता परतीची वाट कशी बिकट झाली ती पाहा. सुरक्षिततेच्या दृष्टीने सदोष ठरलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई असते, आणि अमेरिकेच्या सरकारने तर १५ ऑक्टोबरपासून तो फोन विमानप्रवासात जवळ बाळगण्यासही बंदी केली. सबब, परत येणाऱ्या फोनला आकाशमार्ग सर्वस्वी बंद झाला. ग्राहकांच्या घरी आतून सिरॅमिक तंतूंचे अस्तर लावलेली उष्णतारोधक खोकी हातमोज्यांसह पाठवावी लागली, आणि ती खोकी जमिनीवरूनच नेण्याची सक्त ताकीद त्यांच्यावर छापावी लागली. पैसे परत मिळत असूनही फोन न सोडणारे ग्राहक होतेच. त्यांच्यासाठी आधी बॅटरी ६० टक्क्यांपलीकडे भरू न देणारी आणि पुढे ती मुळीच भरू न देणारी आज्ञावली दूरवरून धाडण्यात आली. मनुष्याचा आवडत्या वस्तूवरचा लोभ भयापेक्षाही चिवट असतो, हे ज्याने आपल्या व्यवसायात काही वर्षे काढली त्याला निराळे सांगावे लागत नाही.

२३ जानेवारी २०१७ रोजी सोलमध्ये चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला. सुमारे ७०० संशोधकांनी २ लाखांहून अधिक फोन आणि ३० हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासल्या होत्या. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत आवरणातील जागा अपुरी पडल्यामुळे वरच्या उजव्या कोपऱ्यात ऋणाग्राचा पत्रा वाकला होता. दुसऱ्याच्या बॅटरीत धनाग्राच्या वेल्डिंगचे टोकदार उंचवटे आतील विभाजक पडदा भेदून गेले होते आणि काही नगांत विद्युतरोधक पट्टीच लावलेली नव्हती. लक्षण एकच, आग. कारणे मात्र परस्परांहून अगदी भिन्न. तोपर्यंत सुमारे ३० लाख फोनांपैकी ९६ टक्के परत आले होते, आणि वाहतुकीच्या इतिहासात ही कामगिरी थोर मानली जाईल यात शंका नाही. तरीही माझ्या मते त्या प्रकरणाचा निकाल सप्टेंबरच्या त्या मोजक्या दिवसांतच लागला होता. पहिले कारण सापडल्यावर दुसरे असू शकेल का, हा प्रश्न पुरेशा नेटाने विचारला गेला असता तर तोच माल दोनदा परत बोलावण्याची वेळ बहुधा आली नसती.

परत आलेल्या त्या फोनांचे पुढे काय होणार, यावरून ग्रीनपीससारख्या पर्यावरणवादी संस्थांनी कंपनीला जाब विचारला, आणि त्यांचे ते करणे सर्वथा योग्य होते. जुलै २०१७ मध्ये न वापरलेले फोन व सुटे भाग घेऊन, ३,५०० ऐवजी ३,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घालून, नोट एफई या नावाने ४ लाख फोन कोरियात विकण्यात आले, आणि उरलेल्यांतून सोने, चांदी, तांबे व कोबाल्ट मिळून १५७ टन धातू काढण्याची योजना जाहीर झाली.

भारतात नोट ७ विक्रीला आलाच नाही. आपल्याकडचा अनुभव त्याच्या नऊ वर्षे आधीचा, ऑगस्ट २००७ चा आहे. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी नोकियाने तेव्हा इशारा दिला आणि गावोगावच्या सेवाकेंद्रांपुढे लोकांची रीघ लागली. आपली बॅटरी त्यांतली आहे की नाही हे तिच्या पाठीवरील २६ अक्षरांच्या क्रमांकावरून ताडायचे होते. ज्या देशातील कोट्यवधी माणसे रोमन लिपी वाचत नाहीत, तेथे बारीक ठशातील असा क्रमांक हीच भयमुक्तीची एकमेव किल्ली असावी, हे मला त्या वेळी अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. भिवंडीजवळच्या एका गोदामात मी परताव्याचे काम पाहत असताना, एका पावसाळ्यात विशिष्ट बनावटीचे फोन ‘चार्ज होत नाही’ या तक्रारीने एकामागून एक येऊ लागले. आमच्या वातानुकूलित तपासणी-कक्षात लावून पाहावे तर प्रत्येक फोन निर्धोक चार्ज होई, आणि कारकून नियमाप्रमाणे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत धाडीत. असे कित्येक नग परत जाऊन पुन्हा आल्यावर तपासणीला बसणारी मालवणकडची एक मुलगी माझ्याकडे कागद घेऊन आली आणि म्हणाली, “साहेब, हे सगळे पिनकोड आमच्या बाजूचे आहेत. आमच्याकडे आषाढात काडेपेटीसुद्धा पेटत नाही.” फोन किनारपट्टीच्या दमट हवेत ओलावा धरीत होते आणि आमच्याकडे पोचेपर्यंत, कोरड्या कक्षात, ते सुकत होते. चार्जिंगच्या खाचेची रचना बदलावी लागली, तेव्हा कोठे तो ओघ थांबला. ग्राहक पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता. त्याचे गाव आणि त्याचा महिना आमच्या नोंदीत होता, पण ती नोंद कोणी वाचली नव्हती. त्या मुलीचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही, याची खंत मला आजही आहे.

आपल्या देशात कायद्याचे पाठबळ आता पुरेसे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा हुकूम काढता येतो. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी आयुष्य संपलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाचा भार उत्पादकावर टाकला आहे. परंतु तक्रार ऐकून तिचा अर्थ लावण्याचे काम कोणताही कायदा करू शकत नाही. ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या मेजावर, प्रत्येक नगापाशी व्हावयाचे असते.

उद्या सकाळी आपण जो ठराव संमत करणार आहोत, त्याच्या मसुद्यात वाहतुकीचा खर्च, मुदती आणि परतफेड यांविषयी बरेच आहे. कारणाविषयी काही नाही. त्या मसुद्यात माझी एक भर स्वीकारावी, अशी आपणां सर्वांना आग्रहाची विनंती आहे: परताव्याच्या नोंदवहीतून ‘इतर’ हा रकाना काढून टाकावा, ग्राहकाची तक्रार त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा मारणाऱ्याने, तो नग कोणत्या गावी व कोणत्या हवेत वापरला जात होता हे तपासल्यावाचून, त्याखाली सही करू नये.