वसईच्या खाडीवरील पूल

मुंबईहून उत्तरेस जाणारी लोकल भाईंदर स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळांत चाकांच्या आवाजाचा सूर पालटतो. रुळांखालीं आतां जमीन नसून वसईच्या खाडीचें गढूळ पाणी असतें. वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलेला प्रवासीही क्षणभर खिडकीबाहेर पाहतो.

ही खाडी म्हणजे साष्टी आणि वसई या प्रांतांमधील जुनी सीमा. दक्षिण कांठावरील धारावीचा किल्ला मराठ्यांनीं 1739 सालीं घेतला, तेव्हां वसईकडे जाणारी पाण्याची वाट त्यांच्या माऱ्यांत आली. आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाली.

पुढें सव्वाशे वर्षांनीं ही सीमा लोखंडानें ओलांडली. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया' रेल्वेचा मार्ग 1864 सालीं मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत पोहोंचला. खाडीवर खरी अडचण पाण्यापेक्षां तळच्या गाळाची होती. त्यांत दगडी खांब उभारणें खर्चाचें आणि वेळखाऊ काम. कंपनीचे इंजिनिअर कर्नल केनेडी यांनीं मळसूत्री खांबांचा उपाय योजिला. अलेक्झांडर मिचेल या अंध इंजिनिअरनें 1833 सालीं त्याचें पेटंट घेतलें होतें. बिडाच्या पोकळ खांबाच्या तळाशीं मळसूत्री पातें असे. खांब फिरवीत गेलें कीं, लाकडांत स्क्रू शिरावा तसा तो गाळांत रुते, आणि पात्याचा रुंद घेर वरील भार तोलून धरी. त्यावर साठ फुटी गाळ्यांचे, विलायतेंतून जहाजानें आणलेले गर्डर बसविले जात. 1867 च्या एप्रिलांत विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावूं लागली.

आतां त्या मूळ खांबांवरून गाड्या जात नाहींत. गाड्या नव्या पुलांवरून जातात. मात्र येथें पूल एक नसून दोन आहेत, आणि दोहोंमध्यें पाणजू नांवाचें बेट आहे. त्यावर एक नांदतें गांव आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ आगगाडी या बेटावरून जात आली, पण तेथें स्टेशन झालें नाहीं. बाजारहाट असो कीं रात्रीं-अपरात्रींचें आजारपण, गांवकऱ्यांची भिस्त पिढ्यान्‌पिढ्या होडीवरच राहिली.

पुलानें दोन किनारे जवळ आणले, हें खरेंच. परंतु ज्यांच्या दारावरून तो गेला, त्यांना मात्र त्याचा आवाजच तेवढा जवळचा झाला.