एका दिवसाचे गुरुजी

पाच सप्टेंबर उजाडला की आपल्या गावोगावच्या शाळांतून एक गंमत पाहायला मिळते. नववी-दहावीच्या मुली आईची नाहीतर थोरल्या बहिणीची साडी नेसून येतात. मुले इस्त्रीचा सदरा घालून खिशाला पेन लावतात. कोणी हेडमास्तर होतो, कोणी शिपाई होऊन घंटा देतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले, तेव्हापासून त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो, आणि पुष्कळ शाळा त्या दिवशी स्वयंशासन दिन करतात. एक दिवस शाळा मुलांच्या हाती!

त्या दिवशी खरे शिक्षक काय करतात, असे आपण विचाराल. इतरांचे मला ठाऊक नाही, माझे सांगतो. मी एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. कित्येक वर्षे त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत बसून चहा घेतला, गप्पा मारल्या आणि संध्याकाळी आभाराचे भाषण केले. मुलांनी काय शिकवले, कसे शिकवले, हे पाहायला मी वर्गात गेलोच नाही. आज मला त्याची खंत वाटते.

एके वर्षी मात्र सहज म्हणून पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. नववीतली एक मुलगी अपूर्णांक शिकवीत होती. आवाज खणखणीत, फळ्यावरचे अक्षर सुरेख. तिने एक छेद दोन आणि एक छेद तीन असे दोन अपूर्णांक लिहिले व मोठा कोणता ते विचारले. माझ्या शेजारचा मुलगा उठून म्हणाला, "एक छेद तीन. दोनापेक्षा तीन मोठा." बाईंना राग आला. "अरे, सांगितलं ना मघाशी! छेद मोठा तर अपूर्णांक लहान. सगळे म्हणा!" सगळ्यांनी एका सुरात म्हटले. "समजलं का?" "हो, बाई!" तास संपला.

मुलगी खुशीत बाहेर आली. मी तिला विचारले, "त्या मागच्या मुलाला समजलं का गं?" ती म्हणाली, "हो म्हणाला की, सर." मी म्हटले, "जा, त्याला एक छेद चार नि एक छेद पाच विचारून ये." ती गेली आणि तोंड पाडून परत आली. तो पाचच म्हणाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मी तिला म्हटले, "बाई, रडू नकोस. वीस वर्षं माझंही असंच होत आलं असणार. फरक एवढाच, की माझ्या मागच्या बाकावर बसून मला ते सांगणारं कोणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "सर, मला अजून एक तास द्या." आम्ही दोघांनी मिळून पाठाचे टाचण केले. ती घरून सारख्या आकाराच्या दोन भाकरी घेऊन आली. एकीचे दोन सारखे वाटे केले, दुसरीचे तीन. मग त्याच मुलाला पुढे बोलावून म्हणाली, "तुला कडकडून भूक लागलीय. यातला कोणता वाटा घेशील?" त्याने एका क्षणात अर्धी भाकरी उचलली. वर्ग हसला. "आणि चार भावांत वाटली तर? पाच भावांत?" मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "खाणारी तोंडं वाढली, की वाटा बारका होतो."

श्रोतेहो, अंश सारखे असतील तेव्हा छेद मोठा तो अपूर्णांक लहान, हा नियम मी जन्मभर घोकून घेतला. त्या पोराचे वाक्य त्याहून सोपे होते. पुढे मी ते माझ्या वर्गात वापरीत आलो.

त्यानंतर आम्ही ठरवले, की वर्षातून एक दिवस नव्हे, तर आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, इच्छा असेल त्या मुलाने खालच्या वर्गावर पाठ घ्यावा आणि त्या विषयाच्या शिक्षकाने मागे बसावे. थोड्याच दिवसांत, बाजारच्या दिवशी, त्या मुलीचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगी माझी शिकायला येती का शिकवायला? पगार तुमचा, आन् राबायचं तिनं?"

मला राग आला नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि जुनाही होता. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून अक्षरे गिरवून घेत. मद्रासेत वाळूत बोटाने अक्षरे काढणारी मुले पाहून अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवायची रीत सुरू केली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे जोसेफ लँकेस्टरने ती इंग्लंडात गाजवली. एकच मास्तर, शेकडो मुले, मधे शिकवायला मोठी पोरे. खर्च वाचला, पण शिक्षण पोपटपंचीचे झाले. शिकवणाऱ्या पोरालाच जे नीट उमगले नव्हते, ते तो दुसऱ्याला काय देणार? म्हणून तिथल्या सरकारने १८४६ साली नवी योजना आणली. तेरा वर्षे पुरी झालेल्या मुलाने पाच वर्षे शाळेतच उमेदवारी करायची आणि मुख्य शिक्षकाने त्याला रोज दीड तास स्वतः शिकवायचे. उमेदवाराला शिकवणे हेही शिक्षकाचेच काम ठरले, त्याचा मोबदलाही त्याला मिळे.

आपल्याकडच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे. पण तो स्वेच्छेने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. शिक्षकाची जागा रिकामी आहे म्हणून नववीची पोरगी वर्गावर उभी करणे, हा प्रयोग नव्हे. ती पळवाट आहे.

म्हणून त्या गृहस्थांसमोरच आम्ही चार गोष्टी कबूल केल्या. मुलाचा स्वतःचा तास बुडवायचा नाही. त्याला वर्गात एकटे सोडायचे नाही. त्याच्या हातात छडी द्यायची नाही आणि परीक्षेचे पेपरही द्यायचे नाहीत. आणि नको म्हणाला, तर पुन्हा विचारायचे नाही. मग मी म्हटले, "एकदा येऊन बसा." ते आले. टोपी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसले. जाताना एवढेच म्हणाले, "घरी धाकट्याला शिकवताना ही लई वरडायची. हल्ली वरडत न्हाई. ते हे होय!"

शिक्षक बंधु-भगिनींनो, आता तुमच्यापाशी दोन शब्द. पाठ द्यायला केवळ पहिल्या नंबराची मुले निवडू नका. हुशार मुलाला पुष्कळदा ठाऊकच नसते, की अडते कुठे. एकदा अडून पुढे गेलेला मुलगा ती जागा ओळखतो. पाठाआधी त्याच्याबरोबर टाचण करा. पाठ चालू असताना तोंड उघडू नका, तो अडखळला तरी. धडधडीत चूक शिकवली जात असेल, तेव्हाच उठा. आणि पाठानंतर "छान झाला" म्हणून सोडून देऊ नका. त्याला विचारा : वर्गात गप्प कोण होता? चुकलेल्याने काय विचार करून उत्तर दिले असेल? उद्या हाच पाठ घ्यायचा झाला, तर काय बदलशील?

आमचा एक फार हुशार विद्यार्थी तीन पाठ घेऊन म्हणाला, "सर, तेच तेच सांगताना मला चीड येते. हे काम माझं नव्हे." मी त्याची पाठ थोपटली. बारावीनंतर दोन वर्षे शिक्षणाच्या पदविकेत घालवून मग हे कळण्यापेक्षा पंधराव्या वर्षी कळलेले बरे. त्याचेही भले आणि पुढे त्याच्या हाती पडली असती त्या मुलांचेही.

आणि पालकहो, यंदा तुमची मुलगी साडी नेसून, पाठ घेऊन घरी आली, की तिचा फोटो जरूर काढा. पण तिला एक प्रश्नही विचारा : "तुझ्या तासाला मागच्या बाकावर कोण बसलं होतं गं?"

ती "कुणीच नाही" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि आम्हा गुरुजींना सांगा, की चहा नंतर घ्या, आधी त्या बाकावर जाऊन बसा.