सहाध्यायी आणि विज्ञानाची उजळणी

जबलपूरहून शहापुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच परिसरात उगम पावते. मध्य प्रदेशातील आदिवासी विकासखंडांपैकी हा एक असून येथील वस्तीत गोंड समाजाचे प्रमाण मोठे आहे. शहरातील शिकवणीवर्ग येथल्या मुलांना रोज गाठता येण्यासारखे नाहीत. मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या की भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विषयांचा भार अशा गावातील मुलांना बऱ्याच अंशी एकमेकांच्या आधाराने पेलावा लागतो. वसतिगृहाच्या ओसरीवर एकाच पुस्तकावर वाकलेली दोन-तीन डोकी हे दृश्य येथे जमलेल्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे असेल. शिक्षक व साधने अपुरी पडली म्हणून केलेली तात्पुरती सोय, एवढेच मोल या अभ्यासाला सामान्यतः दिले जाते. ते फार कमी आहे. परंतु या अभ्यासात एक धोकाही दडलेला आहे, आणि दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवावे ही कल्पना नवी नव्हे. जुन्या गावठी शाळांतून थोरली मुले धाकट्यांकडून धडे म्हणवून घेत. अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथालयात हीच रीत योजली. वाळूवर बोटाने अक्षरे गिरविणारी देशी शाळेतील मुले पाहून तिला चालना मिळाली होती. १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि पुढे जोसेफ लँकेस्टरच्या प्रयत्नांनी ही पद्धत इंग्लंडभर पसरली. मात्र या पद्धतीतील थोरल्या मुलाचे काम निरोप्याचे होते. मिळालेला धडा जसाच्या तसा पुढे पोचविणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. अक्षरओळखीला आणि पाढ्यांना तेवढे पुरते. भौतिकशास्त्राला ते पुरत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. दगड सरळ वर फेकला असता सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वेग शून्य होतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती? पुष्कळ विद्यार्थी तेही शून्य असल्याचे सांगतात, आणि ज्याला बरे गुण मिळतात असा मित्र ते ठामपणे सांगतो तेव्हा ऐकणारा वही मिटून निश्चिंत होतो. चूक एका वहीतून चार वह्यांत जाते. परंतु त्या चौघांतील एखाद्याने विचारले की, वेगही नाही आणि वेगात बदलही नाही, तर मग दगड तेथेच अधांतरी का राहत नाही, तर सांगणाराच गोंधळात पडतो. मग पुस्तक पुन्हा उघडले जाते. त्वरण हे वेगाचे माप नसून वेग कोणत्या दराने बदलतो त्याचे माप आहे, आणि दगडाचे त्वरण चढताना, माथ्यावर व उतरताना सारखेच, म्हणजे दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.८ मीटर, खालच्या दिशेने असते, हे तेव्हा कळते. येथे ज्याला कमी येत होते त्याचा प्रश्न उपयोगी पडला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांविषयी असाच अनुभव आला. गणिते बिनचूक सोडविणारी मुले साध्या कल्पनांवरील प्रश्नाला अडखळत. १९९१ पासून त्याने वर्गात एक रीत सुरू केली: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने प्रथम एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून पाहायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढते असे आढळले. माझूरच्या मते, ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे त्याला ती न समजण्याचे कारण अजून आठवत असते. प्राध्यापक ते केव्हाच विसरून गेलेला असतो. मात्र बरोबर उत्तर देणारे सुरुवातीला फारच थोडे असले, तर चर्चेतून काही निष्पन्न होत नाही, हेही त्याने नमूद केले आहे. तेथे शिक्षकालाच पुढे व्हावे लागते. ओसरीवरच्या अभ्यासात तर शिक्षक जवळ नसतो. तेव्हा आधी एकट्याने उत्तर लिहून मग तोंड उघडण्याची शिस्त तेथे अधिकच आवश्यक आहे.

कुंडमसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरी बोलली जाणारी बोली एक आणि पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर हिंदी दुसरी. रसायनशास्त्राच्या हिंदी पुस्तकात अम्ल आणि क्षारक यांच्या संयोगाने लवण व जल तयार होतात, आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला क्षार म्हणतात. मराठी वाचक येथे हमखास फसेल, कारण त्याच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून जे तयार होते त्यालाच क्षार हे नाव आहे. शब्द एकच, पदार्थ वेगळे! दोन राज्यांतील सुशिक्षितांची ही अवस्था, तर पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या घरातील मुलाचे काय होत असेल? त्याचा सोबती त्याला सांगतो: भांडी घासायच्या राखेचे पाणी बोटांना बुळबुळीत लागते ना, तशा जातीचा पदार्थ. ही शास्त्रशुद्ध व्याख्या नव्हे. पण व्याख्येला टेकायला जमीन मिळते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत काम करताना, मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसून पुस्तकाच्या भाषेची असते, असे त्यांच्या गटाला दिसून आले.

एवढे असूनही ओसरीवर काय घडेल ते शेवटी प्रश्नपत्रिकाच ठरविते. १९७२ मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर नेण्यात आला व १९८२ पासून ‘एकलव्य’ने त्याची धुरा उचलली. सहावी ते आठवीची मुले चौघांच्या टोळीने प्रयोग करीत, निरीक्षणे आपापल्या वहीत लिहीत आणि निष्कर्षांवर वाद घालीत. परीक्षेला पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा होती. शिवाय प्रयोगाचीही परीक्षा असे. पुस्तकातले वाक्य उतरवून गुण मिळत नसल्यामुळे ते सोबत्याकडून म्हणवून घेण्याचे कारणच उरले नव्हते. उजळणी म्हणजे पुन्हा एकदा वाद.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. ‘व्याख्या लिहा’ या प्रश्नाला मिळणारे गुण मात्र चालूच राहिले, आणि त्यांच्यासाठी एकाने पुस्तक धरायचे व दुसऱ्याने डोळे मिटून म्हणायचे, ही बेलच्या काळची रीतही चालूच राहिली.