ओतलेला रंग

आज कुंचला बाजूला ठेवा, रंग ओतायचा आहे. अ‍ॅक्रिलिक रंगात पोअरिंग मीडियम, म्हणजे रंग वाहता करणारे द्रव्य, मिसळा; काकवीपेक्षा थोडा सैल, अखंड धारेने पडेल असा. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड जड असतो. हलक्या रंगावर तो ओतला की खाली बुडू लागतो, खालचा रंग वाट काढत वर येतो आणि जाळीदार नक्षी उमटते. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस १९३०च्या दशकात मोटारींच्या लॅकरने असेच प्रयोग करत होते. रंग ओतून झाला की कॅनव्हास मात्र सावकाश तिरका करा. मला तोच क्षण सर्वांत आवडतो. घाईने नक्षी फिसकटते. मग सपाट जागी एक-दोन दिवस वाळू द्या. उरलेला रंग मोरीत मुळीच ओतू नका, ते प्लास्टिकच आहे. वाळवून, सोलून कचऱ्यात टाका.