मुखपृष्ठावरची बाई आणि आपण

(महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रंगीत मुखपृष्ठांची जुनी मासिकं मी जमवते. चळवळीतल्या बाईला हा कसला शौक, असं मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं. म्हणून आईपासूनच सुरुवात करते.

आई मूलची, सातवी शिकलेली. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेलं 'स्त्री' मासिक ती शेजारणीकडून मागून आणायची. दिवाळीला दीनानाथ दलालांचा 'दीपावली' हाती लागला तर चंगळच. ती गेल्यावर तिच्या पेटीत लुगड्यांखाली तीन मुखपृष्ठं सापडली. चित्रातल्या बाया देखण्या, दागिन्यांनी मढलेल्या. उलटून पाहिलं, तर जाहिरातीच्या कडेला पेन्सिलीनं रोवणीच्या मजुरीचा हिशेब! कोणत्या बाईचे किती दिवस, किती पैसे बाकी.

तेव्हापासून मी रद्दीची दुकानं धुंडाळू लागले. वाचनालयांत अंक मिळतात, पण बांधणी करताना मुखपृष्ठं बहुधा फाडून टाकलेली असतात. घरातली मासिकं किलोवर विकली जातात. उरलेल्यांना आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी पुरते. मी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते.

दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं मला आजही आवडतात. पण माझ्याजवळच्या ढिगात चिखलात वाकून रोवणी करणारी बाई शोधावी लागते. आदिवासी बाई दिसते ती केसांत फूल, डोक्यावर घडा, मागे जंगल अशी. आणि आपल्याच भागात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, २६ मार्च १९७२ ला मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. चित्रातल्या जंगलात हे काहीच नव्हतं.

पण दोष फक्त चित्रकारांना कशाला द्यायचा? आपल्या मोर्च्यांची पत्रकं, सायक्लोस्टाइल केलेले अंक, हातानं रंगवलेली पोस्टरं कुठे आहेत? गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. त्यासाठी गावोगाव बाया बसल्या होत्या. त्यांच्या हातचे फलक आपल्यापैकी किती जणींनी जपले? माझ्याकडे एकही नाही. मी स्वतः ते चूल पेटवायला दिलेत.

म्हणून एवढंच मागते. घरी गेल्यावर पेट्या उघडा. जुना अंक सापडला तर मुखपृष्ठ फाडू नका आणि मागे काही लिहिलं असेल तर खोडू नका. सोबतच्या चिठ्ठीवर लिहा: हा कुणी वाचला, कुठल्या गावी, कुणाकडून मागून आणला.

आईच्या हिशेबात अकरा बायांची नावं आहेत. दोघींची मजुरी बाकी दिसते. ती मिळाली की नाही, हे सांगायला आता कुणी नाही.